संगणकाला काही येत नसल्याचा दाखला

माझं अक्षर सुंदर आहे. हे मी स्वतः सांगणं बरं दिसत नाही, म्हणून दुसऱ्या कोणी सांगेपर्यंत मी थांबतो. फक्त बोलणं त्या दिशेला वळेल एवढी खबरदारी घेतो. आमच्या निवृत्तिवेतन कार्यालयात टेबलाटेबलावर संगणक येऊन जमाना झाला, पण साहेब निवृत्त झाले की त्यांचं मानपत्र अजून माझ्याच हातचं लागतं. माझे आजोबा नकलाकार होते, म्हणजे कचेरीतल्या कागदांच्या नकला उतरवायचे. त्यांची नक्कल आणि मूळ कागद शेजारी ठेवला तर लोक मूळ कागदाला नक्कल समजत, असं आमच्या घरात सांगतात. सांगणारे आम्हीच असल्यामुळे ते खोडून काढणारं कोणी नाही.

अशा घराण्यातल्या माझ्या मुलीचं अक्षर बघून औषधाच्या दुकानदारानेही हात टेकले असते. मी चार वर्षं तिच्याकडून रोज दहा ओळी शुद्धलेखन करून घेतलं. शेवटी बायकोने तिला हाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिची बोटं एकेक करून वाकवली आणि ती नको तितकी वाकली. सांधे सैल आहेत, म्हणाल्या. पेन धरून ठेवण्यातच बोटांची सगळी ताकद जाते. अर्ध्या पानानंतर दुखायला लागतात आणि एका पानानंतर ऐकेनाशी होतात. "यात चूक कुणाचीच नाही," असं म्हणून त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. त्या शुद्धलेखनाबद्दल बायकोने त्यांना आधीच सांगितलं असणार.

मुलीची उत्तरं आखूड असायची. राजा युद्ध का हरला, या सहा गुणांच्या प्रश्नाला तिचं उत्तर होतं, "घाई केली." नदीचे फायदे लिहा, तर "पाणी. मासे. नावा." बाई प्रत्येक पानावर लाल शाईने "सविस्तर लिहा" असं लिहायच्या. आम्ही समजत होतो, पोरीला अभ्यासाचं फारसं काही सांगायचं नसतं. एकेकाचा पिंड असतो.

मग आमच्या चादरींवर पाणी पडलं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. दोन दिवस जिन्यात कोणी दिसलं नाही की दार वाजवून चौकशी करतात, म्हणून सगळी इमारत त्यांना हजेरीबाई म्हणते. अर्थात त्यांच्या माघारी. त्यांच्या गॅलरीतल्या कुंड्यांचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडायचं. बायको मुलीला म्हणाली, "त्यांना एक चिठ्ठी लिही." बायको कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते, तिथून तिने मोडीत निघालेला एक जुना लॅपटॉप रीतसर परवानगीने घरी आणला होता. मुलीने चिठ्ठी त्याच्यावर लिहिली आणि मला न दाखवता वर देऊन आली.

दुसऱ्या दिवशी हजेरीबाई स्वतः खाली आल्या. हातात मुलीची चिठ्ठी, आणि ती होती छापील दोन पानं. "आपल्या कुंड्यांना पाणी मिळावे याबाबत आमचे दुमत नाही," अशी सुरुवात होती. "दुमत आहे ते आमच्या चादरींनाही मिळावे की नाही, याबाबत." पुढे सलग सहा दिवसांची नोंद होती: पाणी किती वाजता पडलं, कोणत्या चादरीवर पडलं, डाग केवढा झाला. शेवटी तीन उपाय सुचवून त्यातला तिसरा तिने स्वतःच खोडून काढला होता, कारण त्यात जास्वंदीवर अन्याय होत होता. समासात हजेरीबाईंनी लाल पेनाने गुण दिले होते.

"वीसपैकी सतरा," त्या म्हणाल्या. "समारोप लांबलाय म्हणून तीन कापले. हे पत्र तुमचं नाही, हे मी पहिल्याच ओळीला ओळखलं. गेल्या वर्षीचं तुमचं पत्र आहे माझ्याकडे. अक्षर फार सुरेख होतं."

मजकुराबद्दल त्या काही बोलतील म्हणून मी थांबलो, पण त्यांनी विषय बदलला.

"मोठ्या परीक्षेला ही मुलगी संगणकावर लिहिणार," त्यांनी निकाल देऊन टाकला. "मंडळाच्या नियमात तशी सोय आहे. अर्ज करा."

त्या गेल्यावर मी मुलीला विचारलं, "एवढं सगळं तुझ्या डोक्यात होतं, तर पेपरात का लिहीत नाहीस?"

"हाताला परवडत नाही, बाबा," ती म्हणाली. "मी शब्द निवडून घेते. 'क्षेत्र' लिहायचं असलं की 'जागा' लिहिते. 'परंतु'च्या जागी 'पण'. डोक्यावरची रेघ देत नाही. आणि 'स्वातंत्र्य' असलेला प्रश्न ऐच्छिक असेल तर सोडूनच देते."

"आणि सक्तीचा असेल तर?"

"तर इतरांना आखूड उत्तरं देऊन त्याच्यासाठी हात राखून ठेवते."

दहा वर्षं पोरगी अक्षरांचं वजन करून लिहीत होती आणि मी तिला वळणदार 'क्ष' कसा काढावा ते शिकवत होतो. लेखनिक मिळाला होता ना सहामाहीला, असं मी विचारलं. मिळाली होती, एक इयत्ता खालची मुलगी. आमची सांगायची आणि ती लिहायची. "पण तिचा हात दुखत असेल असं वाटायचं," मुलगी म्हणाली, "म्हणून तिलाही छोटीच उत्तरं सांगितली."

मी अर्ज केला. परीक्षा मंडळाची खिडकी क्रमांक चार. मी एकवीस वर्षं खिडकीच्या आत बसतो, पण खिडकी बाहेरून एवढी खाली असते याची मला कल्पना नव्हती. कमरेत वाकल्याशिवाय बोलताच येत नाही. त्या स्थितीत माणूस कितीही हक्काचं मागत असला, तरी दिसतो गयावया करणाराच. आतल्या बाईंनी अर्ज वाचला, अक्षराबद्दल काही बोलल्या नाहीत आणि छापील नियमावली माझ्या हातात दिली. कलम सहा: संगणक परीक्षार्थीस कोणतीही मदत करणारा नसावा. तसा जाणकाराचा दाखला जोडावा.

म्हणजे संगणकाला काही येत नसल्याचा दाखला.

त्या रविवारी आमच्या घरी बैठक बसली. हजेरीबाई होत्या, आणि समोरच्या दारातले विमा एजंट होते. त्यांना कोणी बोलावत नाही, तरी ते असतात. प्रश्न असा होता, की मदत म्हणजे नक्की काय? शब्द चुकला की खाली लाल रेघ येते, ती मदत. यावर एकमत झालं. गणकयंत्र, शब्दकोश, इंटरनेट, सगळं जाणार. मग मुलीने विचारलं, "घड्याळाचं काय? कोपऱ्यात वेळ दिसते." हजेरीबाई म्हणाल्या, घड्याळ वर्गात भिंतीवर असतंच. विमेवाले म्हणाले, भिंतीवरचं घड्याळ सर्वांचं, हे हिचं एकटीचं. हरकत येऊ शकते. आणि खोडायची कळ? हाताने लिहिणाऱ्याची खाडाखोड कागदावर राहते, हिची पुसून जाते; मग हिने चूक केलीच नव्हती असं दिसेल. ही मदत की नीटनेटकेपणा? मला गंमत वाटायला लागली. एवढी वर्षं संगणक वापरतोय, पण त्याला काय येतं आणि माणसाला काय यायला हवं, ही सीमारेषा मी कधी बघायलाच गेलो नव्हतो.

"पण अज्ञान सिद्ध कसं करणार?" विमेवाले म्हणाले. "आमच्याकडे आजार नाही हे सिद्ध करायला चार तपासण्या लागतात. त्यातही शेवटी काहीतरी सापडतंच."

संगणक दुरुस्तीवाल्याने आमचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. "लोक माझ्याकडे संगणक शहाणे करून घ्यायला येतात," तो म्हणाला. "हे काम पहिलंच." पण मग त्याने ते मनावर घेतलं. तीन दिवस तो एकेक गोष्ट काढत गेला आणि रोज संध्याकाळी मला फोन करून आज काय काय विसरायला लावलं ते सांगत गेला. शेवटी दाखला दिला: "सदर संगणक तपासला असता त्यास काहीही येत नाही."

खिडकीतल्या बाईंनी तो परत केला. काहीही येत नसेल तर परीक्षार्थी त्यावर लिहिणार कसा? मी दुसरा आणला: "टंकलेखनाखेरीज काहीही येत नाही." तोही परत आला, कारण छापणंही त्याला यायला हवं होतं. तिसरा दाखला मी स्वतः मसुदा करून दिला आणि दुरुस्तीवाल्याने फक्त सही केली. माझे मसुदे सहसा परत येत नाहीत.

आणि इथे माझ्या हातून जे झालं, ते दुसऱ्या कोणाच्या हातून झालं नसतं. कलम सात होतं: संगणकात कोणतीही माहिती साठवलेली नसावी. बायको म्हणाली, "अहो, आधीची माहिती. म्हणजे नोट्स वगैरे." मी म्हणालो, "नियमात 'आधीची' हा शब्द नाही." ती म्हणाली, "मग पेपर कुठे राहणार?" मी म्हणालो, "पडद्यावर. तिथून छापायचा." नियम जसा लिहिला आहे तसाच वाचायचा, यावर माझी अख्खी नोकरी उभी आहे. मी दुरुस्तीवाल्याकडून संगणकाची साठवणूकच बंद करून घेतली. बंद केला की त्याला सगळं विसरायचं. खिडकीतल्या बाईंनी कागद बघून पहिल्यांदाच मान डोलावली. परतताना मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

शाळेत पूर्वपरीक्षा होती. कळांचा टकटकाट इतरांना नको म्हणून मुलीला खेळाच्या साहित्याच्या खोलीत बसवलं. एका बाजूला गाद्या, एका बाजूला जाळ्यात भरलेले चेंडू. पर्यवेक्षक म्हणून खेळाचे सर, कारण ते कोणताही लेखी विषय शिकवत नाहीत, म्हणजे उत्तर सांगण्याचा धोका नाही. मुलगी दोन तास लिहीत होती. सर आधी कौतुकाने बघत बसले, मग कंटाळले, मग त्यांच्या लक्षात आलं की बऱ्याच चेंडूंमधली हवा गेली आहे. हवा भरायचा पंप विजेवर चालायचा आणि खोलीत प्लग एकच होता. लॅपटॉपची बॅटरी तर प्रयोगशाळेनेच मृत घोषित केली होती.

संगणक पुन्हा चालू झाला तेव्हा त्याला खरोखरच काही येत नव्हतं. दाखल्यात लिहिल्याप्रमाणे.

पन्नास मिनिटं उरली होती. मुलीने पेन मागितला आणि हाताने लिहायला घेतलं. शंभरपैकी एकोणतीस गुण मिळाले. पानापानावर बाईंचा शेरा होता, "सविस्तर लिहा."

ती रडली नाही. घरी येऊन हात गरम पाण्यात धरून बसली आणि मला म्हणाली, "बाबा, तुम्ही अर्ज माझ्या बाजूने करताय की त्यांच्या?"

मला लाज वाटली, अगदी आतपर्यंत. मी काहीतरी नियमाबद्दल बोलायला गेलो, पण बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की वाक्य तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि खिडकीपाशी वाकून झाला प्रकार सांगितला. बाईंनी पेन खाली ठेवला. "लोक इथे नियम वाकवायला येतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही आहे त्याहून ताठ करून आणलात. कलम सात परीक्षेच्या आधीच्या माहितीबद्दल आहे. मी मागेच सांगितलं असतं, पण तुमचा दाखला इतका व्यवस्थित होता की वाटलं, यांना कळतं." मग त्यांनी स्वतःच्या हाताने तसं लिहून दिलं. त्यांचं अक्षर अगदीच सामान्य होतं, पण तो कागद मी वहीत जपून ठेवला आहे. दुरुस्तीवाल्याने संगणकाची स्मरणशक्ती परत दिली, बायकोने नवी बॅटरी बसवली, आणि खेळाच्या सरांनी सगळे चेंडू परीक्षेच्या आदल्याच आठवड्यात भरून ठेवले.

मोठ्या परीक्षेचा पहिला पेपर भाषेचा. मला संगणकाबरोबर शाळेत थांबायची परवानगी होती. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर "संगणकासोबत आलेली व्यक्ती" असं लिहिलं होतं. मी व्हरांड्यात बाकावर बसलो. दार बंद होतं, पण टकटक ऐकू येत होती. आधी जपून, मग भरभर, मग मध्येच थांबायची आणि माझा जीव वरखाली व्हायचा, मग पुन्हा सुरू. आत काय चाललं असेल, कोणत्या प्रश्नावर ती अडली असेल, 'स्वातंत्र्य' आलं असेल का, याचे अंदाज बांधण्यात माझे तीन तास कसे गेले कळलं नाही.

वेळ संपली. छपाई यंत्र खरखरत राहिलं आणि थांबेचना. सव्वीस पानं निघाली. मी मनातल्या मनात नाचत होतो, तेवढ्यात मुख्याध्यापकांनी मला आत बोलावलं. गृहस्थ सज्जन, पण मंडळाला फार भिणारे. त्यांच्या हातात नियमावली होती.

"कलम अकरा," ते म्हणाले. "प्रत्येक छापील पानावर परीक्षार्थीची स्वाक्षरी, स्वहस्ते, मूळ नमुन्याशी जुळणारी. स्वाक्षरी नसलेलं पान तपासलं जाणार नाही."

कलम अकरा मी वाचलं होतं. पण सही म्हणजे काय, एक रेघ, असं माझ्या हाताला वाटलं होतं.

मुलीने सह्या करायला सुरुवात केली होती. सात पानं झाली होती. आठव्या पानावर सही वेडीवाकडी आली आणि खेळाचे सर हळूच म्हणाले, "ही जुळत नाहीये गं." तिने हात झटकला, पुन्हा पेन धरला. पेन गळून पडला. तिने तो उचलला.

"किती पानं होतील?" मुख्याध्यापक कळवळून म्हणाले. "दहा केलीस तरी पास होशील. बाकीची मग राहू देऊ."

उरलेल्या पानांचा गठ्ठा तिने हाताखाली धरून ठेवला होता, वाऱ्याने उडून जाईल असा. कोणती दहा ठेवायची, याचा ती विचार करत होती हे मला दिसत होतं. पुन्हा निवड. पुन्हा हाताला परवडेल तेवढंच.

खरं सांगतो, तिची सही मला करता आली असती. नकलाकाराचा नातू मी, कोणाच्या बापाला ओळखू आली नसती. तो विचार मनात आला आणि मी तो घाबरून ढकलून दिला. मग दुसरा आला आणि तो बोलायला मला जास्त जड गेला.

"अंगठा चालेल," मी म्हणालो.

"अंगठा?" मुख्याध्यापकांना वाटलं मी चेष्टा करतोय.

"सही करता येत नसेल तर डाव्या अंगठ्याचा ठसा आणि शेजारी साक्षीदाराची सही. आमच्या कार्यालयात रोज घेतो आम्ही. कुठलंही खातं ते मानतं."

"अहो, पण अंगठा कोण देतं?" ते आवाज खाली आणून म्हणाले, मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून. "परीक्षेच्या पेपरावर अंगठा म्हणजे याचा अर्थ काय होतो? मुलीला लिहिता येत नाही, असा अर्थ होतो."

"तेच तर आपण चार महिने सांगतोय," मी म्हणालो. "माझ्या मुलीला लिहिता येत नाही."

हे वाक्य मी तोपर्यंत कधी उच्चारलं नव्हतं. अर्जात "लेखनात अडचण" लिहिलं होतं, नातेवाइकांत "अक्षर जरा कच्चं" म्हणायचो. ते वाक्य बोलून झालं आणि काही कोसळलं नाही. समोर तिने लिहिलेली सव्वीस पानं होती. मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पेन बाजूला ठेवला.

मुख्याध्यापकांनी मंडळाला फोन लावला. खिडकी चारच्या बाईंनी उचलला. बराच वेळ "हो, हो, तेच गृहस्थ" असं चाललं होतं. मग त्यांनी फोन ठेवला आणि स्वतः उठून कार्यालयातलं शिक्क्यांचं जांभळं पॅड घेऊन आले. "बसतं नियमात," ते म्हणाले आणि त्यांनाच इतकं हायसं वाटलं की पॅड उघडताना त्यांची बोटं माखली.

मुलीने ठसे द्यायला सुरुवात केली. खेळाचे सर साक्षीदार म्हणून सह्या करत गेले. पानं उलटायचं आणि शाई वाळेपर्यंत वेगळं धरायचं काम मला दिलं होतं. "वाचायचं नाही हं," मुख्याध्यापक म्हणाले, "गोपनीय आहे." मी छताकडे बघत पानं उलटली. आयुष्यात एखादी गोष्ट वाचायची इतकी ओढ मला कधी लागली नव्हती. पण एक अक्षर वाचलं नाही. पाकिटावर सरांनी लिहिलं, "एकूण पाने सव्वीस," आणि मुख्याध्यापकांनी ते आमच्यासमोर बंद केलं.

रस्त्यावर आल्यावर मुलगी जांभळा अंगठा उन्हात धरून बघत होती.

"बाबा, तुम्ही वाचलंत?"

"नाही."

"एक ओळसुद्धा नाही?"

"नाही गं. छत बघत होतो. रंग द्यायला झालंय."

"मग सांगते," ती म्हणाली, आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली. कोपरा आला तेव्हा ती दुसऱ्या प्रश्नावर होती. घराचं वळण आलं तेव्हा नुकता चौथा सुरू झाला होता. एका ठिकाणी तिचं म्हणणं मला साफ चुकीचं वाटलं, आणि एका ठिकाणी वाक्य फार लांबलं होतं. मी फक्त "पुढे?" म्हणालो. वळण सोडून आम्ही सरळ पुढे चालत राहिलो, कारण अजून बरीच पानं बाकी होती.